नाक्याच्या दोनशे मीटर आधी गाडीतला दिवा का लागतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई-बाबांना घेऊन काश्मीरला गेलात. श्रीनगर विमानतळावरून पहलगामला जाताना पाच ठिकाणी गाडी थांबली, ओळखपत्रं बघितली, एकदा डिकी उघडायला लावली. त्याचं तुम्हाला फारसं काही वाटलं नाही. पण परतीला अंधार पडला तेव्हा प्रत्येक नाक्याच्या बऱ्याच आधी तुमच्या ड्रायव्हरनं हेडलाइट बारीक केले, आतला दिवा लावला, गाणं बंद केलं, काच खाली घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारताय, हा तिथला नियम आहे का? या नाक्यांचा खरंच उपयोग होतो का? आणि तिथली माणसं रोज हे कसं निभावतात?

त्या दिव्याच्या पलीकडच्या बाजूला मी उभा राहिलोय. सातारा जिल्ह्यातला, पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त. काश्मीरमध्ये दोन टेन्युअर झाल्या. पहिली २००१ ते २००३, हवालदार असताना, उत्तरेकडे. दुसरी २०११ ते २०१३, दक्षिणेकडे, तेव्हा नाके लावायची जबाबदारीच माझ्यावर होती. जे सांगतो ते तिथून सांगतो. अधिकाऱ्यांचं किंवा पत्रकारांचं म्हणणं वेगळं असू शकेल.

आधी दिव्याचं. समोरून हेडलाइट टाकत गाडी आली की पहाऱ्यावरच्या जवानाला नुसता उजेड दिसतो. आत दोन माणसं की सहा, बाई आहे का, कुणाच्या हातात काय आहे, काही कळत नाही. न दिसणाऱ्या गाडीला माणूस जास्त घाबरतो, आणि घाबरलेल्याच्या हातात भरलेलं हत्यार असतं. म्हणून हेडलाइट खाली, आतला दिवा चालू. गाणं बंद, कारण ‘रुको’ ऐकू आलं पाहिजे. काच खाली, कारण काळ्या किंवा धुकं धरलेल्या काचेआडचा हात दिसत नाही. काही नाक्यांवर तसा बोर्डही असतो. पण तुमचा ड्रायव्हर बोर्ड वाचून हे करत नव्हता. त्याच्या बापानंही असंच केलं असणार.

नाका म्हणजे आडवा बांबू असा बऱ्याच जणांचा समज असतो. बांबू हा त्यातला सगळ्यात शेवटचा भाग. त्याच्या बरंच आधी सूचनेचा बोर्ड, मग रस्त्यावर वाळूनं भरलेली पिंपं नागमोडी मांडलेली, म्हणजे गाडीला वेग घेताच येत नाही. मग थांबायची रेघ, तिथं बोलणारा एक आणि मागून बंदुकीनं त्याची राखण करणारा एक. बाजूला उंचावर वाळूच्या पोत्यांआड एलएमजीवाला, म्हणजे हलक्या मशीनगनवाला. आणि नाक्याच्या पुढं, वळणाआड, दोन-तीन जण ‘कट-ऑफ’ म्हणून, कुणी नाका तोडून पळालाच तर अडवायला. प्रवाशाला यातला फक्त बोलणारा दिसतो. बाकीची हत्यारं आपल्यावर रोखलेली आहेत हे तुम्हाला कळलंही नसेल. स्थानिक माणसाला ती कुठं असतात ते पाठ असतं. नवीन पिकेट, म्हणजे जवानांची चौकी, पडलं की पोतं कुठं रचलंय हे आमच्या कंपनीच्या नकाशाआधी गावातल्या पोरांना ठाऊक.

आता आमची भीती. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं खोटं होईल. १ ऑक्टोबर २००१ ला श्रीनगरच्या विधानसभेच्या फाटकावर स्फोटकं भरलेली टाटा सुमो धडकवली. ३८ माणसं गेली. काश्मीरमध्ये सुमो म्हणजे आपल्याकडची वडाप. लग्नाला, दवाखान्याला, कोर्टाला, कॉलेजला, सगळा गाव सुमोनं जातो. त्या दिवसानंतर कित्येक महिने सुमो दिसली की माझं पोट आवळायचं. दिवसाला शे-दीडशे सुमो यायच्या. प्रत्येक वेळी बोट ट्रिगरच्या गार्डवर, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, डोक्याला पटका म्हणजे तसंच कवच, सकाळी सहापासून. एकेका गाडीला मिळायची तीस-चाळीस सेकंद. त्यात ठरवायचं, हा कोण आहे.

आणि गाडीतल्याला तेवढ्याच सेकंदांत ठरवायचं असतं, हा आज कसा आहे. काल झोपला होता का, काल याचा कुणी मेला का.

हिवाळ्यात यात फेरनची भर पडते. फेरन म्हणजे गुडघ्याखाली येणारा ढगळ लोकरी झगा, आणि काश्मिरी माणूस त्याच्या आत कांगडी धरतो: विणलेल्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे. चिल्लाई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, त्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. कांगडी धरायची तर हात आत, बाह्या मोकळ्या लोंबत. समोरून माणूस येतोय, दोन्ही हात दिसत नाहीत, पोटाशी काहीतरी फुगलंय. आम्ही सातारा-कोल्हापूरची पोरं, पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक कांगडीला ग्रेनेड समजलो. मग ‘फेरन उठाओ’. म्हातारा माणूस थंडीत, रस्त्यावर, गावातल्या बायकांसमोर झगा वर करून उभा. आपल्याकडं कुणी माझ्या आजोबांना एसटी स्टँडवर धोतर सोडायला लावलं असतं तर आमच्या घरानं तो दिवस तीन पिढ्या सांगितला असता. मी तेव्हा असा विचार केला नाही. पुढच्या खेपेला केला.

दुसऱ्या टेन्युअरला मी पोरांना शिकवलं की आधी ‘चाचा, कांगडी नीचे रखिए’ म्हणायचं. तो कांगडी जमिनीवर ठेवतो, हात बाहेर येतात, झगा अंगाला बसतो, जे बघायचं ते दिसतं. झडतीचं काम तेच, वेळही तेवढाच. यातला ‘चाचा’ आणि ‘रखिए’ महत्त्वाचे. मराठी पोराची हिंदी तुम्हाला माहीत आहे, ‘ए, किधर जाता है तुम’. त्याच्या मनात काही वावगं नसतं, त्याला येतेच तेवढी. पण ऐकणारा उर्दूत शिकलेला असतो, त्याच्या कानाला तो ‘ए’ चाबकासारखा लागतो. मी एकाला विचारलं होतं, तू तुझ्या तात्यांना ‘ए’ म्हणशील का? तो म्हणाला, तात्या मला मारतील. म्हटलं, हा मारू शकत नाही एवढाच फरक.

तुमचा मुख्य प्रश्न, लोक कसं निभावतात. बाहेरचे लोक नाक्याचा त्रास मिनिटांत मोजतात. पाच नाके, प्रत्येकी चार मिनिटं, वीस मिनिटं गेली, त्यात काय एवढं? मीही तसाच मोजायचो. एका रात्री ते मोजणं मोडलं.

२००२ च्या जानेवारीतली रात्र. अंधार पडल्यावर गाड्यांना मनाई. साडेदहाच्या सुमारास एक सुमो हळूहळू आली, आतला दिवा चालू, पुढं एक म्हातारा कंदील घेऊन चालत. गाडीच्या पुढं चालत, म्हणजे आम्हाला माणूस दिसावा म्हणून. मागच्या सीटवर त्याची सून, पोट दुखायला लागलेलं, सोबत सासू. तालुक्याच्या दवाखान्यात निघाले होते. मला तेव्हाच सोडता आलं असतं. पण आठवड्यापूर्वीच ‘पेशंट’ म्हणून कुणीतरी निसटल्याची खबर होती, बायकांची झडती घ्यायला महिला पोलीस रात्री कुठून आणणार, आणि माझ्या अधिकारात रात्रीची गाडी सोडणं बसत नव्हतं. वायरलेस सेटवर कंपनीला विचारलं. कंपनीनं वर विचारलं. उत्तर यायला पंचवीस मिनिटं गेली. त्या पंचवीस मिनिटांत त्या गाडीतून जे ऐकू येत होतं ते मी लिहीत नाही. सोडलं. मूल झालं, जगलं, हे नंतर कळलं.

साधारण महिन्याभरानं तो म्हातारा दिवसा आला. मला वाटलं, आता बोलणार. तो शांतपणे म्हणाला, ‘साहब, आगे से बता दिया करो कितना टाइम लगेगा। हम उतना पहले निकलेंगे।’ किती वेळ लागेल ते आधी सांगत जा, म्हणजे आम्ही तेवढं आधी निघत जाऊ. टोमणा नव्हता. त्याला खरंच तेवढंच हवं होतं.

मला ते सांगता येत नव्हतं. कुणालाच येत नसतं. आणि लोकांचं जगणं बदलतं ते याच गोष्टीनं. रोज वीस मिनिटं नक्की जाणार असती तर माणूस वीस मिनिटं आधी उठेल, विषय संपला. पण आज चार मिनिटं, उद्या चार मिनिटं, परवा ताफा जाणार म्हणून दोन तास, तेरवा एन्काउंटर लागलं म्हणून रस्ताच बंद. मग माणूस रोज दोन तास धरून चालतो. परीक्षेचा मुलगा आदल्या रात्रीच शहरातल्या नातेवाइकाकडं जाऊन झोपतो. डायलिसिसचा पेशंट पहाटे निघतो आणि दवाखान्याच्या बाकावर वेळ काढतो. दुकानदार दिवे लागायच्या आत शटर ओढतो, कारण त्याचा नोकर तीन गावं पलीकडं राहतो. काश्मिरी लग्नाची वरात मुळात रात्री निघायची, वाझवानची जेवणं रात्री उशिरापर्यंत चालायची. त्या दिवसांत ती वरात दिवसाउजेडी आली. भातखाचरात रात्री पाणी फिरवायला जाणारा, अस्वलापासून बाग राखायला जाणारा, पहाटे मशिदीत किंवा कांदुरकडं, म्हणजे रोटीवाल्याकडं, जाणारा, या सगळ्यांना आम्ही कंदील किंवा टॉर्च लावून निघायला सांगायचो. अंधारात नुसतं चालणं हाच संशय. आणि घरी राहिलेल्यांचं वेगळंच. काश्मीरमध्ये मोबाइल आला २००३ च्या ऑगस्टमध्ये, देशाच्या कितीतरी नंतर. तोवर ज्याला उशीर झाला त्याच्या घरच्यांनी चूल पेटती ठेवून दाराकडं बघत बसायचं, दुसरं काही हातात नाही. नव्वदच्या दशकापासून पुरुष घराबाहेर पडताना बायको किंवा आई विचारायची, शिनाख्ती कार्ड (ओळखपत्र) घेतलं का? आपल्याकडं ‘डबा घेतला का’ विचारतात, त्या सुरात.

सफरचंदाचं एक सांगतो, कारण पैशाचा हिशेब तिथं उघडा पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला सोपोरच्या मंडीतून पेट्या भरलेले ट्रक दिल्लीच्या आझादपूरला निघतात. बाहेर जायला मुख्य रस्ता एकच, जम्मू-श्रीनगर महामार्ग, तोही दरडींचा. त्यात ताफ्यांची वेळ. ताफा निघायच्या आधी पहाटे आमची ‘आरओपी’, रोड ओपनिंग पार्टी, पायी रस्ता तपासत जायची: मोऱ्या, पुलांच्या खालच्या बाजू, कडेचे दगड, कुत्रं पुढं. रस्ता ‘ओपन’ म्हटल्याशिवाय ताफा हलत नाही, आणि ताफा हलेपर्यंत बाकीचं काही हलत नाही. आझादपूरला एक दिवस उशिरा पोचलेल्या पेटीला कालचा भाव मिळत नाही. बागवाल्याला दलाल सांगतो, माल शिळा होऊन उतरला होता. बागवाला दलालाला शिव्या देतो, ट्रकवाल्याला देतो आणि मनातल्या मनात आम्हाला. शेतकऱ्याचं पोर असल्यामुळं हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. नाशिकचा कांदा असाच रस्त्यात बसला असता तर आपण काय बोललो असतो?

आता २०१९. १४ फेब्रुवारीला पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याजवळ सीआरपीएफच्या ७८ गाड्यांच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली मारुती ईको आदळवली. ४० जवान गेले, त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. महामार्ग तपासलेला होता. आरओपीनं मोऱ्या बघितल्या होत्या, ताफ्यात शिरलेली गाडी मात्र रोजच्या वाहतुकीतली होती. ताफा जाताना नागरी गाड्या पूर्ण थांबवायच्या हा जुना शिरस्ता मधल्या वर्षांत सैल झाला होता, लोकांना त्रास नको म्हणून. सैल करणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी ते केलं त्यांच्यासमोर तेव्हाचे रस्ते होते. पण त्यानंतर एप्रिलात जो हुकूम निघाला तो मला निवृत्तीनंतरही खटकला. बारामुल्ला ते उधमपूर, सुमारे २७० किलोमीटर, दर रविवारी आणि बुधवारी पहाटे ४ ते संध्याकाळी ५ नागरी वाहतूक बंद. आठवड्यातले दोन दिवस. एका राज्याचा कणा असलेला रस्ता.

सवलती होत्या, रुग्ण, विद्यार्थी, कर्मचारी, लग्नाची वऱ्हाडं. पण सवलत मागायची कुणाकडं? रस्त्यावर नेमलेल्या मॅजिस्ट्रेटकडं. त्या दिवसांत अनंतनागकडचा एक फोटो सगळीकडं फिरला होता: माणसाचा तळहात, त्यावर पेनानं लिहिलेली परवानगी आणि सरकारी शिक्का. कागद नव्हता म्हणून हातावर. गुरांच्या बाजारात विकल्या बैलावर असाच शिक्का पाहिलाय मी. राज्यपालांपर्यंत गोष्ट गेली. पुढं तो हुकूम टप्प्याटप्प्यानं शिथिल होत गेला. शिपायाच्या नजरेनं सांगतो, त्या हुकमात आणखी एक खोट होती. ताफा कोणत्या दिवशी जाणार हे महिनाभर आधी सगळ्या जगाला कळलं.

गोळी सुटते तेव्हाचं थोडक्यात सांगतो, कारण टाळणं बरं नाही. ३ नोव्हेंबर २०१४ ला बडगाम जिल्ह्यात छत्तरगामला पांढऱ्या मारुतीवर लष्कराच्या नाक्यावरून गोळीबार झाला, दोन तरुण गेले. पांढऱ्या गाडीतून अतिरेकी येणार अशी खबर होती. लष्कराच्या म्हणण्यानुसार मुलं थांबली नाहीत. तेव्हाच्या उत्तर कमानप्रमुखांनी, लेफ्टनंट जनरल हुडांनी, चार दिवसांत उघडपणे चूक मान्य केली आणि चौकशीत जवानांवर ठपका आला. हे क्वचित होतं, म्हणून नोंदवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोपोरकडं एका ट्रकचालकाचा असाच जीव गेला. लष्कराचं म्हणणं, त्यानं नाका तोडला, मग जवानांनी २३ किलोमीटर पाठलाग केला आणि टायरवर गोळ्या झाडल्या. घरच्यांना ते मान्य नव्हतं. दोन्ही ठिकाणी मी नव्हतो, त्यामुळं निवाडा देत नाही. पण माणूस नाक्यावर का थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. लायसन्स नाही. चोरटं लाकूड आहे. दारू प्यायलाय. बोर्ड दिसलाच नाही. घाटात ब्रेक तापलेत. सोबत मुलगी आहे आणि तिच्या घरी माहीत नाही. माझ्या दोन्ही टेन्युअरमध्ये जेवढ्या गाड्या न थांबता गेल्या त्या प्रत्येकीचं शेवटी यातलंच काहीतरी निघालं. बॉम्बवाली एकही नव्हती. तरी पुढची तशी नसेल हे कुणी सांगावं, हेच तर त्या नोकरीचं दुखणं.

बोर्डावरून आठवलं. माझ्या दुसऱ्या टेन्युअरच्या नाक्यावर बोर्ड हिंदीत आणि इंग्रजीत होता. आजूबाजूच्या गावांतली वयस्क माणसं वाचायची उर्दू. दहा वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही आधी आलं नाही. गावच्या शाळेतल्या मास्तरला रंग-ब्रश दिला, त्यानं सुंदर नस्तालीकमध्ये, म्हणजे उर्दूच्या वळणदार अक्षरात, लिहून दिलं. वर स्वतःहून ‘मेहरबानी करके’ घातलं. आम्ही ठेवलं.

उपयोग होतो का? होतो, पण लोक समजतात तसा नाही. कायमच्या जागचा नाका अतिरेक्याला पकडत नाही. त्याला तो कुठं आहे ते माहीत असतं, तो ओढ्यानं वळसा घालतो किंवा बागेतून जातो. कायमचा नाका हत्यार आणि स्फोटक नेणं अवघड करतो, मुख्य रस्त्यावरून हटवतो, एवढं त्याचं काम. पकडतो तो अचानक लावलेला नाका, आणि तोही पक्की खबर असली तर. ११ जानेवारी २०२० ला कुलगाममध्ये मीर बाजारजवळ पोलिसांनी खबरीवरून एक गाडी अडवली, आत हिज्बुलचे अतिरेकी आणि त्यांच्यासोबत पोलिसांचाच एक उपअधीक्षक. विचार करा, त्या माणसाचं ओळखपत्र बघून रोजच्या किती नाक्यांनी सलाम ठोकला असता. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरोट्याला बन टोलनाक्यावर ट्रकमध्ये लपलेले चौघे मारले गेले, तिथंही तपासणी कडक करायला कारण होतं. आणि खबर कोण देतं? तोच म्हातारा, ज्याला आपण काल थंडीत झगा वर करायला लावला. सैन्यात माझ्याशी यावर भांडणारे मित्र आहेत, म्हणतात खबर पैशानं येते. पैशानं येते ती खबर विकत घेणारा दुसराही असतो, एवढंच मी म्हणतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे आठवतात. २६ नोव्हेंबर २००८, गिरगाव चौपाटी. वायरलेसवर स्कोडा गाडीची खबर आलेली, पोलिसांनी नाकाबंदी लावलेली, गाडी वळायला गेली आणि दुभाजकावर चढली. ओंबळ्यांच्या हातात काठी. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली म्हणून तो जिवंत हाती लागला. तो नाकाही काही तासांचा होता, खबर होती, आणि नाक्यावर मरायला तयार असलेला माणूस होता. तशा नाक्याबद्दल कुणाची तक्रार नसते. वीस वर्षं एकाच वळणावर, खबर असो नसो, रोज सगळ्यांना थांबवणारा नाका ही वेगळी चीज आहे. आणि एकदा उभारलेला नाका उठवायला कुणी धजत नाही, कारण उठवल्यावर काही झालं तर सही कुणाची, हा प्रश्न येतो. २०१० च्या उन्हाळ्यातल्या आंदोलनांनंतर केंद्राच्या आठ कलमी कार्यक्रमात श्रीनगरमधल्या बंकर-नाक्यांचा फेरविचार होता. काही बंकर हटलेही. २०२१ च्या ऑक्टोबरात नागरिकांच्या हत्या झाल्या आणि शहरात पुन्हा नवे उभे राहिले.

पहलगामचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. २२ एप्रिल २०२५ ला बैसरनला २६ जण मारले गेले, त्यात आपल्या डोंबिवली, पुणे, पनवेलचे सहा. ते पठार गाडीरस्त्यापासून दूर, पायी किंवा घोड्यानं जायचं. तुम्ही ज्या नाक्यांवर थांबलात ते रस्ता राखतात. त्यानंतर ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली, आणि तिथल्या घोडेवाल्यांचा हंगाम गेला.

कायद्याचं एक वाक्य, कारण बाबांनी विचारलंय असं लिहिलंत. तिथं १९९० पासून सशस्त्र दलांच्या विशेषाधिकाराचा कायदा लागू आहे, गाडी थांबवून झडती घ्यायचा अधिकार त्यातून येतो. पण १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं लष्कराच्या ‘काय करावं, काय करू नये’ या याद्या बंधनकारक ठरवल्या. बाईची झडती महिला पोलिसानंच घ्यायची, हे त्यात स्पष्ट आहे. तुमच्या आईंना गाडीतून उतरवलं नाही ते त्यामुळं. रात्री महिला पोलीस नसते तेव्हा काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

मुलांवर काय होतं ते मला काश्मीरमध्ये असताना दिसलं नाही. पुण्यात दिसलं. ‘सरहद’सारख्या संस्थेमुळं आणि कॉलेजांमुळं पुण्यात काश्मिरी मुलं बरीच. माझ्या भाच्याच्या वर्गातला एक मुलगा आमच्यासोबत मॉलमध्ये आला. दारात आपला साधा वॉचमन, हातात तो पिंग करणारा दांडका, त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. हा मुलगा चार पावलं आधीच थांबला, पाठीवरची सॅक पुढं घेतली, तिच्या तिन्ही चेन उघडल्या, जॅकेट मोकळं केलं आणि कोपर बाहेर काढून उभा राहिला. हे सगळं भाच्याशी क्रिकेटवर बोलत बोलत. वॉचमन गडबडला, ‘जा जा’ म्हणाला. भाचा हसला. मला त्या मुलाचं वय विचारावंसं वाटलं, म्हणजे हिशेब करता आला असता की माझ्या वेळी तो केवढा होता. विचारलं नाही.

तर नियम आहे का, याचं उत्तर: थोडा नियम, बाकी शिकलेलं अंग. पुढच्या वेळी जाल तेव्हा एवढं करा. नाका दिसला की मोबाइल खाली ठेवा, शूटिंग अजिबात नको, त्यानं तुमचं काही जात नाही पण ड्रायव्हरला बाजूला घेतात. ओळखपत्रं बॅगेत खाली पुरू नका. जवानानं विचारलं तर उत्तर द्या, तो मराठी निघाला तर गप्पा मारा, त्यालाही बरं वाटतं, पण मागं गाड्या आहेत हे बघून. परतीच्या विमानासाठी तीन तास हाताशी धरा. श्रीनगरला टर्मिनलच्या बऱ्याच आधी ड्रॉप गेटवर उतरून सामान मशीनमधून काढावं लागतं, तिथं रांग किती असेल ते कुणी सांगू शकत नाही. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरला ‘थोडं दल गेटला थांबू या, चहा घेऊ’ म्हणून अडकवू नका. तो नको म्हणणार नाही. पण येताना जे पाच लागले ते त्याला एकट्याला परत लागणार असतात, आणि आतला दिवा लावायची वेळ यायच्या आत त्याला घर गाठायचं असतं.